निरुपयोगी माशांचा रकाना

डोळखांबच्या पलीकडे एका पाड्याखालचा डोह मी मोहाच्या पेंडेची सहा पोती टाकून मारला. भर दिवसा मारला, सरकारी शिक्क्याचा कागद खिशात ठेवून मारला, आणि पेंड कालवायला त्याच पाड्यावरची माणसं लावली.

हे आधीच सांगून मोकळा होतो. कारण संपादकांनी मला दिवाळीसाठी ‘नोकरीतले यशस्वी प्रयोग’ लिहायला सांगितलं होतं. मी दोन दिवस बसून आठवून पाहिले. जे यशस्वी झाले ते मलासुद्धा नीट आठवेनात. हा मात्र कपडे वाळत घालताना आठवतो, दाढी करताना आठवतो. तेव्हा हाच घ्या.

मी वाशिंदचा. वडील कारखान्यात होते, मी माशांच्या खात्यात लागलो. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके माझ्याकडे होते. माझा हुद्दा कागदावर पाऊण ओळ भरायचा, पण पाड्यांवर मला ‘मासेवाला साहेब’ म्हणत. मासेवाली म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं तेच माझी बायकोही माझ्याविषयी माहेरी सांगत असे, फक्त टोपलीऐवजी पिशवी.

पिशवीचं काम असं. माशाच्या अंड्यातून जे पहिलं बारीक पिल्लू निघतं त्याला आम्ही जिरे म्हणतो. ते वाढून बोटाएवढं झालं की बोटुकली. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस यांची बोटुकली जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि वर ऑक्सिजन भरून, तोंड रबराने आवळून न्यायची आणि गावोगावच्या तळ्यांत सोडायची. पण तळ्यात आधीपासून गावठी मासे असतातच. ते एकतर बोटुकली खातात, नाहीतर बोटुकलीच्या तोंडचं खातात. म्हणून बीज सोडण्याआधी तळं साफ करायचं. साफ करायचं म्हणजे आत असेल ते मारायचं. त्यासाठी मोहाची पेंड, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणारा चोथा. पाण्यात कालवली की साबणासारखा फेस धरते आणि माशांच्या रक्तात भिनते. तासा-दोन तासांत मासे वर येतात. ते माणसाला खायला चालतात. दोन-तीन आठवड्यांत विष ओसरतं आणि तीच पेंड पाण्याला खत म्हणून उपयोगी पडते. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. इतकी देखणी पद्धत मी जन्मात ऐकली नव्हती.

आता डोह. नव्वदीच्या दशकाच्या अगदी सुरुवातीची गोष्ट आहे. होळी होऊन महिना झाला होता. जीपने डोळखांबला उतरून मी दीड तास चालत त्या पाड्यावर गेलो. ओढा आटून जागोजागी तुटला होता, नुसते गोटे तापत पडले होते, आणि एका वळणावर जांभळींच्या सावलीत हा डोह, काठोकाठ, काळाहिरवा. कोणी धुणं धूत नव्हतं, कोणी जाळं टाकलेलं नव्हतं, गुरंसुद्धा वरच्या अंगाने जात होती. काठावरच्या एका धोंड्याला शेंदूर होता. मी चारी बाजूंनी फिरलो आणि इतकं पाणी वापराविना पडलंय, असा निष्कर्ष काढला. चौथी-पाचवीतल्या मुलालासुद्धा वाटलं असतं की आटलेल्या मुलखात एवढं पाणी कोणी हात न लावता ठेवतं, तर काहीतरी कारण असेल. पण माझं शिक्षण त्याच्या बरंच पुढे गेलेलं होतं.

पाड्यावर धर्माबाबा म्हणून म्हातारे होते, त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांच्याच घरी मी जेवलो. त्यांची सून भागी हिने नाचणीची भाकरी आणि सुक्या माशाचं कालवण वाढलं. मासे बोटाएवढे, काळपट, हनुवटीशी चपटे. चव अशी की मी तीनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा तिने गाडगं उलटं करून झटकलं तेही मी पाहिलं. या माशाला काय म्हणतात हे मात्र मी विचारलं नाही.

जेवण झाल्यावर हात धुऊन मी पाहणीचा तक्ता भरायला घेतला. त्यात पाण्याची लांबी, रुंदी, खोली, आणि शेवटी दोन रकाने: उपयुक्त मासे, निरुपयोगी मासे. डोहाच्या काठाला दगडांवर बोटभर काळे मासे चिकटलेले मी पाहिले होते. निरुपयोगीच्या रकान्यात लिहिलं, ‘किरकोळ, काळसर’. ढेकर देत लिहिलं. तोच मासा माझ्या पोटात होता.

योजना ऐकून धर्माबाबा म्हणाले, “त्यो डोह नको, साहेब. खालचा घ्या. ह्यात बियाणं ठेवलंय.”

मी हसलो. म्हटलं, “बाबा, बियाणं मी आणणार. चांगलं, सरकारी.”

ते पुढे काही बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे पटलं, असं मी धरून चाललो. आमच्या बैठकांत असंच धरतात. पाड्यावरच्या माणसांचा मासेमारीचा गट कागदावर उभा केला आणि त्यावर अंगठे घेतले. ते देणारी माणसं मला दिसत होती, पण सरकारी माणूस विचारतो तेव्हा तो विचारत नसून सांगत असतो, हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.

वैशाखात पेंड आली. रात्रभर भिजवलेली सहा पोती सकाळी माणसांनी घमेल्याघमेल्याने डोहात ओतली आणि बांबूने ढवळली. फेस आला. मोहाचा तो जड वास सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्याची फुलं त्यांच्या घरोघरी वाळत होती. मी घड्याळ लावून काठावर बसलो. आधी मोठे मासे वर आले, कडेला येऊन तोंडं उघडू लागले. मी म्हटलं, घ्या, लुटा, मेजवानी करा. लोकांनी टोपल्या भरल्या. खायची वस्तू कोणी फेकत नाही. पण एरवी मासे धरताना जो आरडाओरडा असतो तो नव्हता. मला वाटलं, माझ्यासमोर लाजतायत.

मग ते काळे बोटभर मासे आले. त्यांचं नाव मळ्या. हे मी आता तुम्हाला सांगतोय, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. रोहूच्याच गणगोतातला हा गरीब नातेवाईक. याच्या हनुवटीखाली एक चकती असते. तिने तो दगडाला धरतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडत राहतो. ओढ्याला लोंढा आला, झाडं उन्मळून चालली, तरी मळ्या धोंडा सोडत नाही. ओल्या कातळावरून तो चक्क वर चढतो. उभ्या धारेतून, रेटत रेटत.

त्या दिवशी त्याने दगड सोडला. एकेक करून सगळ्यांनी सोडला.

भागी कडेच्या पाण्यात उकिडवी बसली होती. तिला दिवस गेलेले होते, चौथा-पाचवा महिना असावा. तिने एक मळ्या उचलला, ओल्या धोंड्यावर ठेवला आणि अंगठ्याने हलकेच दाबून धरला. अंगठा काढल्यावर तो घसरला. तिने पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. मी तिला म्हणालो, “अगं, ते टोपलीत टाक, सुकतील.” आजवर मी बरंच काही बोललो असेन, पण या वाक्याइतकं कशाला घाबरत नाही.

पुढे मी तीन हजार रोहू सोडले. फोटो काढला. ‘बीज सोडले’ हा आमचा इष्टांक असे. सोडलेल्या बीजाचं पुढे काय झालं याचा रकानाच तक्त्यात नव्हता, त्यामुळे माझं काम शंभर टक्के झालं. आणि आषाढात ओढ्याला पूर आला. तळ्याला बांध असतो. डोहाला काय असतं? डोह म्हणजे ओढ्यानेच टेकायला केलेली जागा. ओढा उठला की सगळं घेऊन जातो. माझे तीन हजार रोहू एका दुपारी खाली नदीला लागले. मळ्या असता तर धोंडा धरून बसला असता, पण त्याचा बंदोबस्त मी आधीच केला होता.

कार्तिकात डोळखांबच्या बाजारात भागी भेटली. कडेवर दोन महिन्यांची मुलगी. मी कौतुकाने मुलीचं नाव विचारलं, ते तिने सांगितलं नाही. ती म्हणाली, “साहेब, तुमी बियाणं देता ना?”

“देतो की.”

“मंग मळ्याचं द्या.”

त्या चहाच्या टपरीशेजारी उभं राहून तिने मला जे सांगितलं ते माझ्या आख्ख्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. होळीपासून आवणी संपेपर्यंत, म्हणजे भाताची रोपं लावून होईपर्यंत, त्या डोहात कोणी हात घालायचा नाही. आजूबाजूचे सगळे ओहळ आटतात, सगळीकडचे मळ्ये तिथे उतरून येतात आणि उन्हाळा काढतात. पाणी सुरू झालं की तिथूनच वर चढून पाड्याभोवतीच्या पाची ओहळांत पसरतात. मग श्रावण-भादव्यात, कणगीतलं भात संपलेलं आणि नवं अजून हिरवं असतं तेव्हा, बाया ओहळांत टोपल्या लावतात. रोज मूठभर मळ्या मिळतो. उरेल तो चुलीवर सुकवून गाडग्यात भरतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून त्याचाच रस्सा देतात. त्या वर्षी टोपल्या लावल्या, त्यात पालापाचोळा आला. भागी भादव्यात बाळंत झाली.

“दूध कमी आलं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, नर्सबाईंना विचारलंस का, दूध कमी यायला दहा कारणं असतात. तिने विचारलं होतं. नर्सबाईंनी माझ्यासारखंच सांगितलं होतं. असेलही तसं. भागीने मुलगी या कडेवरून त्या कडेवर घेतली. माझ्यापुढे मात्र ते उलटं करून झटकलेलं गाडगं आलं. वर्षाचा शेवटचा मळ्या मी तीनदा मागून घेऊन संपवला होता.

कचेरीत मी विचारलं, मळ्याचं बीज कुठे मिळेल? वरच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. बाजारात ज्याला दर नाही त्याचं बीज कोण काढणार, म्हणाले. कपाटातल्या जाडजूड पुस्तकात मळ्याविषयी दीड ओळ होती, त्यातली अर्धी ‘आर्थिक महत्त्व नाही’ अशी. मग मीच शोधायचं ठरवलं. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या वर, घाटाच्या पायथ्याशी एका ओढ्यात मळ्या भरपूर होता. तिथल्या लोकांना विनवून साठेक मासे धरून घेतले.

आणि मी काय केलं? मला येत होतं तेच केलं. पिशवीत पाणी, वर ऑक्सिजन, तोंड रबराने गच्च. रोहूचा बादशाही थाट. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून टोकावड्याहून एसटी, सरळगावला उतरून किन्हवलीकडे जीप. पिशवी मांडीवर. मळ्ये आतून प्लॅस्टिकला चिकटून बसले होते, पांढऱ्या हनुवट्या बाहेरून दिसत होत्या. मला वाटलं, खुशीत आहेत. कंडक्टरने वाकून बघितलं आणि विचारलं की या पिशवीला बटणं कोणी लावली. मी त्याला मळ्याविषयी व्याख्यान दिलं, सरळगावपर्यंत. किन्हवली आली तेव्हा एक बटण गळलं. डोळखांबला पोचेपर्यंत सगळी गळली होती. वाहत्या पाण्यातला मासा, त्याला मी साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन देऊन मारला. रिकामी पिशवी घेऊन पाड्यावर जायचं धैर्य झालं नाही. तिथूनच परत फिरलो.

दुसऱ्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, भागी स्वतः आली. टोकावड्याहून मळ्या घेऊन येतो असा मी निरोप धाडला होता आणि गेलो नव्हतो, म्हणून ती शहापूरला कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. मुलीला सासऱ्यांकडे ठेवून आली होती. हातात तांब्याचा हंडा, हंड्यात आपल्या ओढ्यातले चार शेवाळलेले धोंडे. म्हणाली, चला. मी रजेचा अर्ज टाकला आणि निघालो.

टोकावड्याला तिने मासे स्वतः धरले. हंडा अर्धाच भरला, वर पळसाची पानं बांधली. एसटीत मी शिस्तीत हंडा सीटखाली ठेवला, तशी ती म्हणाली, “खाली नका ठेवू. पाणी हलाया पायजे.”

“मग काय करू?”

“मांडीवर घ्या नि हालवा.”

टोकावड्याहून सरळगाव, सरळगावहून किन्हवली, तिथून डोळखांब. शासनाचा एक कर्मचारी मांडीवर हंडा घेऊन जोजवत चालला होता. हात भरून आले की ती घ्यायची, तिचे भरले की मी. विजार गुडघ्यापर्यंत भिजली. कंडक्टर नेमका तोच निघाला. त्याने तिकीट फाडता फाडता विचारलं, “नातू का, साहेब?” आख्खी एसटी हसली. भागीही हसली. ती माझ्यासमोर हसलेली मी तेवढ्या एकदाच पाहिली.

डोळखांबला उतरून पानं सोडली. चार-पाच मेले होते. बाकीचे धोंड्यांना धरून होते.

मी ऐटीत डोहाकडे निघालो. भागी मागेच थांबली. म्हणाली, तिकडे नाही. मी विचारलं का, तर काठावर नेऊन तिने मूठभर भात पाण्यात टाकला. पाणी उकळल्यासारखं झालं. चिलापी. टिलापिया म्हणतो आपण. वर्षातून कितीदा तरी पिल्लं घालणारा, दुसऱ्याची अंडी-पिल्लं गिळणारा मासा. माझ्या रोहूच्या पिशवीत त्याचं बीज मिसळून आलं होतं. सोडण्याआधी थाळीत ओतून तपासायचं असतं. मी फोटो काढत होतो. रोहू पुरात गेले, चिलापी कपारीत दबा धरून राहिली, आणि मी मोकळा करून दिलेला डोह तिने भरून काढला.

तेव्हा मळ्ये वर नेले. डोहाच्या वरच्या अंगाला धबधबा होता, त्याच्या माथ्यावर, जिथे चिलापीला चढता येत नाही, अशा कातळातल्या एका खोबणीत. माझ्या कचेरीतल्या टेबलाहून ती फार मोठी नव्हती. वैशाखात तिथे घागरभर पाणी उरलं तर उरलं. भागीने हंडा आडवा केला आणि ते एकेक करून बाहेर पडले. लगेच दगडाला लागले. मी मोजू लागलो, तर म्हणाली, मोजू नका.

नंतर दोन उन्हाळे मी विचारपूस करत राहिलो. एका वर्षी खोबण आटत आली असं कळलं. एका वर्षी चार दिसले म्हणे. मग माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली आणि विचारपूस पत्रावर आली, मग पत्रंही थांबली. याबद्दल सबबी पुष्कळ आहेत, त्या मी माझ्याजवळच ठेवतो.

निवृत्त झालो त्या वर्षी, दोन हजारच्या दशकाच्या शेवटी, श्रावणात पुन्हा गेलो. रस्ता झाला होता, जीप थेट पाड्यापर्यंत. धर्माबाबा राहिले नव्हते. भागीचे केस पिकायला लागले होते. मुलगी वाशिंदला माझ्याच गावात एका कंपनीत कामाला जात होती, आणि मी तिला कधी ओळखलं नव्हतं.

डोहावर आता गर्दी होती. धुणी, गुरं, गळ टाकून बसलेली माणसं. शेंदराचा धोंडा जागेवर नव्हता. भागीला विचारलं. ती धबधब्याच्या वाटेने चढू लागली, मी धापा टाकत मागे. माथ्यावर त्या खोबणीभोवती दगडांची बुटकी भिंत घातलेली होती. वर्षावर्षाला एकेक थर चढवल्यासारखी दिसत होती. आता तिथे दोन टेबलांएवढं पाणी होतं. काठावर शेंदराचा धोंडा. मरायच्या आधी धर्माबाबांनी चौघांना लावून तो डोहावरून वर आणवला होता.

मी गुडघ्यांवर बसून पाण्यात डोकावलो. दगड काळे होते. मग त्यातला एक काळा सरकला. मग आणखी एक. खालच्या ओहळांत टोपल्या लावलेल्याही येताना पाहिल्या होत्या. पाची ओहळांत नाहीत, दोनच ओहळांत. चष्मा पुसायच्या निमित्ताने मी बराच वेळ तसाच बसलो. भागी म्हणाली, सावली पडते, उठा.

घरी आल्यावर तिने जेवायला वाढलं. नाचणीची भाकरी, आणि बाजारातला सुका जवळा. चुलीवरच्या शिंकाळ्यात एक गाडगं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. माझी नजर तिकडे दोनदा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मी जरा लाडात येऊनच विचारलं, “काय गं भागी, मळ्या आहे का त्यात?”

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “हाय. पर तुमाला नाय वाढायचा.”